दाराआडची काठी

१

पन्नास वर्षं मी लोकांची घरं आतून केली. ओटे, कपाटं, पलंग, फडताळं. टेप फारसा लावला नाही. टेप भिंत मोजतो, माणूस मोजत नाही. कामाला गेलो की घरातल्या बाईला म्हणायचो, बाई, चपला काढून सरळ उभ्या राहा. तिच्या शेजारी एक सरळ काठी धरायची, पेन्सिलीनं खुणा करायच्या आणि मग पटाशीनं त्या जागी खाचा पाडायच्या. गुडघा, लोंबता हात, कोपर, डोळा, वर केलेला हात. पाच खाचा. बसायची जागा गुडघ्याला, आधाराचा दांडा लोंबत्या हाताला, ओटा कोपराला, आरसा डोळ्याला, रोजचे डबे हात पोचेल तिथं. या पाच खाचांवर अख्खं घर बसतं. बाकी सगळी रंगरंगोटी.

माझ्या स्वतःच्या घराचं मात्र हसं होतं. ओटा मी लग्नाच्या आधी केला, एकटा राहत होतो तेव्हा. अर्थातच माझ्या कोपराला. मग ही आली. पहिल्या दिवशी ओट्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, ‘हा ओटा आहे का माळा?’

ही माझ्यापेक्षा चांगली बुटकी. मी एक फळी घेतली, खाली दोन जाड पट्ट्या ठोकल्या आणि ओट्यापुढं टाकली. म्हटलं, ‘तात्पुरती आहे. पुढच्या महिन्यात ओटा खाली घेतो.’

चौतीस वर्षं ती त्या तात्पुरत्या फळीवर उभी राहिली.

मधे, पोरगी झाली त्या वर्षी, मी हिची काठी केली. पाचही खाचा नीट पाडल्या. उद्या परवा काम काढतो म्हणालो आणि काठी दाराआड उभी केली. मग लोकांची कामं आली. लोकांची कामं संपत नाहीत. ही रोज झाडताना काठी उचलायची, तिथलं झाडायची आणि काठी परत तिथंच ठेवायची. मला काही बोलायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र सांगायची, ‘आमच्याकडे ओट्याचं काम चालू आहे. बाविसावं वर्ष.’

या उंच ओट्याचा मला एक फायदा होता. ओट्याच्या वर, अगदी छताला लागून, मी एक छोटं फडताळ केलं होतं. फळीवर चढूनही हिचा हात तिथं पोचत नाही, असं मी समजत होतो. तिथं माझी तंबाखूची डबी असायची. डॉक्टरनं बंद केली होती तरी असायची.

दोन वर्षांपूर्वी ही गेली. मी फळी ओट्याखाली सरकवली. मला तिची गरज नव्हती.

२

मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरलो. मोडलं काही नाही, पण पोरीला कळलं. म्हणजे शेजारच्या टेलरमास्तरनं कळवलं. चाळीस वर्षांचा दोस्त आहे, पण तोंडात तीळ भिजत नाही.

पोरगी माझ्याच धंद्यात आहे, फक्त शिकून. ती घराची चित्रं आधी कॉम्प्युटरवर काढते. त्याला ती इंटिरिअर म्हणते आणि मी जे केलं त्याला सुतारकाम म्हणते. दुसऱ्या दिवशी आली आणि दारातच सुरू झाली.

‘बाबा, माझ्याकडे चला.’

‘का? तुझ्याकडे न्हाणीघर नाही?’

‘विनोद पुरे. मी तिकडे, तुम्ही इथं एकटे. फोन वाजला की वाटतं, परत पडलात.’

‘मग उचलू नको.’

ती खुर्चीवर बसली. हिच्यासारखीच बसते, पदर नसला तरी गुडघ्यावरचं कापड सारखं करत. मग म्हणाली, ‘बरं. हे घरच बदलते. तुमच्या वयाला सोसेल असं करते. सहा महिने राहून बघा. एकदाही पडला नाहीत, काही विसरलाबिसरला नाहीत, तर मी परत शब्द काढणार नाही. नाहीतर हे विकायचं आणि माझ्याकडे यायचं. कबूल?’

कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार. ही जिथं चौतीस वर्षं उभी राहिली ती जागा दुसऱ्या कुणाच्या तरी सोफ्याखाली जाणार, हे मला पाहवलं नसतं.

काम चालू असताना तीन आठवडे तिच्याकडे राहिलो. जावई सभ्य माणूस आहे, माझ्याशी हवेबद्दल बोलतो. एका सकाळी पोरगी टेप घेऊन आली.

‘बाबा, सरळ उभे राहा. माप घेते.’

‘पन्नास वर्षं मी लोकांना उभं केलं. आता तू मला उभं करतेस?’

‘मग काय अंदाजानं करू?’

‘घरात दाराआड काठी आहे. तिच्यावरून कर. टेप घाल कपाटात.’

रागात बोललो. रागात माणूस खरं बोलतो म्हणतात, मी चुकीचं बोललो. माझी काठी मी कधी केलीच नव्हती. कशाला करीन? माझं अंग सदा माझ्याबरोबर होतं. घरात काठी एकच होती, आणि ती कुणाची ते पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

३

घरी आलो तर घर ओळखू येईना. उंबरा काढला होता. बाहेरचं दार सोडून बाकीची दारं रुंद झाली होती आणि बाजूला सरकत होती. जेवायचं टेबल भिंतीतून निघत होतं आणि परत भिंतीत जात होतं. पलंगाचं डोकं वर व्हायचं. खण ढकलला की शेवटी आपोआप हळू व्हायचा आणि ‘फुस’ करून बंद व्हायचा. न्हाणीघरात बसायला फळीची बैठक. बोळातून न्हाणीपर्यंत भिंतीला सागाचा दांडा, हातानं धरत जायला. त्याला पॉलिश करू नको, नुसतं तेल पाज, एवढं मी सांगितलं होतं, ते पोरीनं ऐकलं होतं. आणि ओटा नवा. एका अंगाला फिरवायचा दांडा, फिरवला की ओटा वरखाली. बसून काम करायचं तर खाली, उभ्यानं करायचं तर वर. फक्त छताजवळचं माझं फडताळ तसंच होतं. त्याला हात लावायचा नाही असं मी बजावलं होतं.

काम उत्तम होतं. मी तसं म्हणालो नाही.

पोरगी गेल्यावर तोंड धुवायला गेलो. आरशात माझं तोंड दिसलं, गळा दिसला. डोळे दिसले नाहीत. वाकावं लागलं. बैठकीवर बसलो तर गुडघे वर आले. बोळातला दांडा धरायला खांदा उतरवावा लागला. ओट्यावर चहा टाकला तर कंबरेत कळ आली. प्रत्येक गोष्ट खाली होती. गुडघ्याला थोडी, कोपराला जास्त, डोळ्याला आणखी जास्त. माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. सगळीकडे सारखंच चुकलेलं काम चुकलेलं नसतं. ते दुसऱ्या कुणासाठी तरी बरोबर असतं.

दार लोटलं. काठी होती तिथंच होती. कुणीतरी तिला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर शाईनं लिहिलं होतं, ‘बाबा’.

मी ती काठी घेऊन घरभर फिरलो. पाचही खाचा जिथल्या तिथं बसल्या. सूतभर फरक नाही, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

पोरीला फोन करायला हवा होता. हातात घेतलाही. पण सांगणार काय? स्वतःचं माप म्हणून आईचं दिलं? ती म्हणाली असती, बाबा, तुम्हाला आठवत नाही आता. आणि सहा महिन्यांची गोष्ट पहिल्याच दिवशी संपली असती.

फोन ठेवला. म्हटलं, वाकू. ही फळीवर चढली, आपण वाकू. फिटंफाट.

४

ओट्याचं सोपं होतं, तो वर घेता येत होता. चौदा फेरे फिरवले की माझ्या कोपराला यायचा. पहिल्या दिवशी फिरवला, चहा केला, झोपलो. सकाळी ओटा खाली.

म्हटलं स्क्रू ढिला. पुन्हा चौदा फेरे. दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. काठी लावून पाहिली. कोपराच्या खाचेला बरोबर.

पोरीच्या फिटरला फोन लावला. चष्मेवाला, बरा माणूस.

‘तुझा ओटा उतरतो.’

‘आजोबा, तो आपोआप उतरत नाही. दांडा फिरवल्याशिवाय हलत नाही.’

‘मग मी खोटं बोलतो?’

‘तसं नाही हो. तुम्ही फिरवून विसरत असाल.’

तो शब्द ऐकला आणि मी जीभ आवरली. ‘हो हो, मीच घेतला असेन खाली. भाजी चिरायला,’ म्हणालो. मग बसून विचार केला. ढिला स्क्रू उतरला तर तळापर्यंत उतरेल. मधेच कुठं थांबायचं ते ढिला स्क्रू ठरवत नाही.

त्या दिवशी ओटा वर घेतला आणि खाली सांगाड्यात एक लाकडी पाचर ठोकली. हातोड्यानं ठोकली, बोटानं नाही. ती पाचर निघायला हातोडाच लागला असता.

सकाळी ओटा खाली. पाचर जागेवर नव्हती. शोधली, सापडेना. चमचा घ्यायला उजवीकडचा दुसरा खण ओढला. पुढं चमचे. मागच्या कोपऱ्यात पाचर, तिच्याशेजारी पेन्सिलीचा तुकडा, दोन स्क्रू आणि एक वॉशर. लांबीप्रमाणं ओळीत मांडलेले.

मी घरभर वस्तू टाकत हिंडायचो. पेन्सिल खिडकीत, स्क्रू बशीत. ही ते सगळं उचलून उजवीकडच्या दुसऱ्या खणात लावून ठेवायची, लांबीप्रमाणं. म्हणायची, ‘तुमचं दुकान इथं आहे.’ पण हा खण नवा होता. जुना लाकूडवाल्यानं नेला होता.

मी खण ढकलला. तो हळू झाला, ‘फुस’ केलं आणि मिटला. त्यानंतर मी ओटा वर घेतला नाही.

५

माणूस म्हातारा झाला की स्वतःवर नजर ठेवावी लागते. मीही ठेवली. झोपेत चालतो का? चपला पलंगाखाली विशिष्ट तिरक्या ठेवून झोपायचो. सकाळी तशाच असायच्या. फक्त त्या पायात ढिल्या वाटायला लागल्या. चालताना फटक फटक वाजायच्या. म्हटलं पट्टा सैलावला.

तिसऱ्या महिन्यात दांड्याचं दिसलं.

मी तो दांडा धरत नव्हतो. एक तर खाली, आणि दुसरं म्हणजे मला दांडा धरून चालायला लावणारा अजून जन्मायचाय. पण स्वयंपाकघरातून बोळात वळतो तिथं, दांड्यावर वीतभर जागा चकाकत होती. लाकडाला अशी चकाकी तेलानं येत नाही, फडक्यानं येत नाही. हातानं येते. रोज, त्याच जागी, तोच हात. मी सागाच्या दांड्यांवर अशी चकाकी पाहिली आहे, दहा वर्षं वापरलेल्या. इथं तिसरा महिना होता. आणि जागा लहान होती. माझा पंजा ठेवला तर दोन्ही बाजूंनी बाहेर आला.

काचपेपर आणला आणि ती जागा खरवडून काढली. आठ दिवसांत पुन्हा चकाकी.

मग मी आमच्या धंद्यातली युक्ती केली. सरळ रेघ मारायला आम्ही दोरीला गेरू लावतो, तो लाल गेरू कुटून मी दांड्यावर पसरला, अगदी पातळ, फुंकर मारली तर उडेल असा. दुपारी जेवलो. हात साबणानं धुतले, पुसले, नखं बघितली. दार आतून लावलं आणि पलंगावर पडलो. दुपारची झोप माझी गाढ. ही होती तेव्हा चार वाजता चहा टाकून मला उठवायला यायची. हाक मारायची नाही. शर्टाची बाही कोपराच्या वर चिमटीत धरायची आणि दोनदा ओढायची.

चार वाजता जाग आली. कशानं आली ते कळलं नाही. बाहेर कुणाचा तरी पाण्याचा पंप चालू होता.

बोळात गेलो. गेरू जागच्या जागी होता, फक्त वळणावर वीतभर पुसलेला. चकाकी उघडी पडलेली.

पहिल्यांदा माझे हात पाहिले. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं. कोरडे आणि स्वच्छ. साबणही कोरडा, दुपारी ठेवला होता तसाच. फरशीवर पावलं नाहीत. दाराची कडी लावलेली. म्हटलं वारा. वारा वीतभरच कसा पुसेल? म्हटलं उंदीर. तेवढ्यात उजवी बाही दिसली.

कोपराच्या वर लाल डाग होता. अंगठ्याचा एका बाजूला आणि दोन बोटांचे दुसऱ्या बाजूला. चिमूट.

मी तिथं बोळातच खाली बसलो. घाबरलो नाही म्हणालो तर खोटं होईल. पण त्याच्या आत, अगदी तळाशी, दुसरंही काहीतरी होतं. दोन वर्षं मला चार वाजता कुणी उठवलं नव्हतं. तो शर्ट मी धुतला नाही.

६

पाचव्या महिन्यात पायजमा टाचेखाली यायला लागला. मास्तरला बोलावलं. तो सुई, टेप आणि त्याची जुनी वही घेऊन आला. त्या वहीत या गल्लीतल्या सगळ्यांची मापं आहेत, मेलेल्यांचीसुद्धा.

‘कुणाचा पायजमा घातलास?’

‘तूच शिवलास. गेल्या वर्षी.’

‘मी असला पायघोळ शिवतो? मी टेलर आहे, तंबूवाला नाही. उभा राहा.’

उभा राहिलो. त्यानं कंबरेपासून खाली टेप सोडला, वहीत पाहिलं, पुन्हा टेप सोडला. मग खांदा, बाही, पाठ. मास्तर माप घेताना तोंडानं काहीतरी गुणगुणतो. गुणगुणणं थांबलं.

‘काय झालं?’

‘वही चुकली असेल.’

‘तुझी वही कधी चुकली?’

‘कधीच नाही.’ त्यानं चष्मा काढून पुसला. ‘चार बोटं कमी भरतोयस. वर्षात.’

‘म्हातारपणी माणूस आकसतो.’

‘आकसतो. वीस वर्षांत बोटभर. तू काय पालेभाजी आहेस, कढईत टाकली की बसायला?’

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, ‘डॉक्टरकडे चल. पोरीला सांगतो मी.’

‘मास्तर, चाळीस वर्षांत एकदा तरी तोंडात तीळ भिजव. एकच महिना राहिलाय. तिला कळलं तर हे घर जाईल.’

‘घर गेलं तर गेलं. तू तर राहशील.’

‘घर गेलं तर फक्त मीच राहीन,’ मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग ओट्याकडे, मग दांड्यावरच्या चकाकीकडे. कापडाचा माणूस आहे, पण झिजलेली जागा त्यालाही कळते. त्यानं पायजमा दुमडला, टाचण्या लावल्या आणि दाराशी जाऊन म्हणाला, ‘नाव सांग, कुणाच्या नावावर लिहू हे नवं माप? तुझ्या पानावर मला लिहवत नाही.’

तो गेल्यावर मी आरशापुढं उभा राहिलो. वाकलो नाही. सरळ उभा राहिलो आणि आरशात माझे डोळे होते. बैठकीवर बसलो, पाय सपाट जमिनीला टेकले. ओट्याशी उभा राहिलो, कंबर दुखली नाही. कित्येक दिवसांत दुखली नव्हती. मी समजत होतो सवय झाली.

मग वाटलं, हे कुठं थांबणार? आणि लगेच दुसरं आठवलं. ओटा तळापर्यंत गेला नव्हता. खाचेला थांबला होता.

७

सहा महिने भरले त्या सकाळी पोरगी आली. सोबत चष्मेवाला, हत्यारांची पेटी घेऊन. काही दुरुस्ती निघाली तर असावा म्हणून. मी दाढी करून, दुमडलेला पायजमा घालून तयार होतो.

तिनं मला चालून दाखवायला लावलं, बसून दाखवायला लावलं, खण उघडायला लावले. उलटे आकडे म्हणायला लावले. मी म्हणालो, ‘सुलटे तरी कुठं शिकलोय? तिसरीत शाळा सोडली.’ ती हसली, पण डोळे माझ्यावरच होते. बोळात वळताना तिचा हात दांड्यावर पडला. नेमका चकाकीवर. तिचा पंजा तिथं बरोबर बसला. आईचाच हात आहे तिचा.

ती तिथं थोडा वेळ उभी राहिली.

‘बाबा, इथं गरम लागतं.’

‘ऊन येतं.’

तिनं बोळाकडे पाहिलं. त्या बोळात खिडकी नाही. हात मात्र लगेच काढला नाही.

मग ती दाराआडून काठी घेऊन आली. ‘शेवटचं एकच. सरळ उभे राहा. मापात चूक राहिली असली तर आजच सगळं वरखाली करून घेतो. हा त्याचसाठी आलाय.’

माझी पाठ भिंतीला. काठी माझ्या शेजारी. ती खाली वाकून गुडघ्याची खाच बघायला लागली. मला कळत होतं की हीच वेळ आहे. एक वाक्य बोललो असतो, ही काठी तुझ्या आईची आहे, की चष्मेवाल्यानं पेटी उघडली असती. आरसा वर, दांडा वर, बैठक वर. माझं जुनं माप तिला मास्तरच्या वहीत मिळालं असतं. कदाचित मीही परत वर गेलो असतो. आणि दुपारी चार वाजता मला घड्याळानं उठवलं असतं.

‘गुडघा बरोबर,’ ती म्हणाली. ‘हात बरोबर. कोपर बरोबर. डोळा, हात वर करा, तोही बरोबर. सूतभर फरक नाही, बाबा. तुमचीच काठी.’

पन्नास वर्षांत मी खोटं माप कधी खपवलं नव्हतं. गिऱ्हाईक भांडलं तरी नाही.

‘माझीच,’ मी म्हणालो.

तिनं काठी भिंतीला टेकवली. ‘मग राहा इथं. मी शब्द काढणार नाही.’

‘पोरी.’

‘काय?’

‘काम चांगलं केलंस. माझ्याहून चांगलं.’

ती एकदम खिडकीकडे वळली आणि गुडघ्यावरचं कापड सारखं केल्यासारखं ओढणी सारखी करत राहिली. चष्मेवाला उगाचच पेटीत काहीतरी शोधायला लागला. मग ती नाक पुसत म्हणाली, ‘एवढं वरचं फडताळ तेवढं खाली घेऊ का? तुमचा हात पोचत नसेल आता.’

‘राहू दे.’

‘काय आहे त्यात?’

‘काही नाही.’

‘आई म्हणायची तंबाखू आहे.’

म्हणजे चौतीस वर्षं हिला ठाऊक होतं.

८

ते गेले. दुपारी जेवलो, पण पडलो नाही. घर शांत होतं. घर राहिलं होतं, माझं. आनंदानं काय करावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, एक चिमूट खाऊ. सहा महिन्यांत डबीला हात लावला नव्हता.

ओट्याशी गेलो. वर हात केला. बोटं फडताळाच्या खालच्या कडेपर्यंत पोचली नाहीत. टाचा उचलल्या, तरी नाही. जिथं आयुष्यभर न बघता हात जायचा ते मी मान वर करून बघत होतो.

हात खाली घेतला तेव्हा पायाला काहीतरी लागलं.

ओट्यापुढं फळी मांडलेली होती. तिची तात्पुरती फळी. मी ती ओट्याखाली भिंतीपर्यंत सरकवली होती. फिटरनं नवा ओटा बसवल्यावर ती पुन्हा आत ठेवली होती, घरी आलो तेव्हा मी पाहिलं होतं. आता ती बाहेर होती. सरळ, ओट्याला समांतर, फडताळाच्या बरोबर खाली. वरची धूळ पुसलेली.

चौतीस वर्षांत लाकूड तिच्या पावलांनी खोलगट झालं होतं. दोन खळगे, शेजारी शेजारी. हे मी केलेल्या फळीवर मला कधी दिसलं नव्हतं, कारण तिच्यावर नेहमी कुणीतरी उभं असायचं.

चपला काढल्या. उजवा पाय ठेवला. टाच टाचेत बसली, अंगठा अंगठ्यात. डावाही बसला. फळी करकरली, तिची नेहमीची करकर, रोज सकाळी पलंगावरून ऐकलेली. आता हात थेट फडताळात गेला. डबी बोटांना लागली, गार, ओळखीची.

उजव्या बाहीला ओढ लागली. कोपराच्या वर, चिमटीत धरल्यासारखी. एकदा. मग पुन्हा एकदा.

मी मागं पाहिलं नाही. समोर ओट्यामागच्या भिंतीची चकचकीत फरशी होती, आणि तिच्यात माझ्या खांद्याशेजारी, माझ्याच उंचीला, काहीतरी पुसटसं होतं. तिकडेही मी नीट पाहिलं नाही.

‘बरं,’ मी म्हणालो आणि डबी परत ठेवली. ‘चार वाजले का?’

मग मी डावीकडे सरकलो, फळीच्या अगदी कडेला, एक पाय अर्धा बाहेर येईपर्यंत. फळी एका माणसाची केली होती, दोघांना जरा अडचणीचीच. पण जागा झाली.

फळी दुसऱ्यांदा करकरली.